हरल्यावर थांबायचं असतं

६४ खेळाडूंच्या स्पर्धेत १६ जण एकही सामना न जिंकता बाहेर पडतात. फायटिंग गेमच्या, म्हणजे दोघांनी पडद्यावर समोरासमोर लढायच्या व्हिडिओ गेमच्या, स्पर्धांची रचनाच तशी आहे. पहिला सामना हरलेला खेळाडू हरलेल्यांच्या गटात जातो, आणि तिथे पुन्हा हरला की त्याचं नाव यादीतून जातं. पहिल्या फेरीत ३२ जण हरतात, त्यातले १६ लगेच दुसऱ्यांदाही हरतात. सामना बहुतेक वेळा तीन डावांचा असतो, दोन डाव जिंकले की संपला. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये डावातल्या एका राउंडचं घड्याळ ९९ सेकंदांचं, आणि ते संपायच्या आत बहुधा कुणीतरी आडवा झालेला असतो. म्हणजे सकाळी मेरठहून किंवा फरीदाबादहून निघून, नाव नोंदवून, तासभर वाट पाहून खुर्चीत बसलेल्या मुलाचा प्रत्यक्ष खेळ दोन्ही सामने मिळून पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो.

त्या १६ जणांचं पुढे काय होतं, हे मी प्रत्येक स्पर्धेत आधी पाहतो. ते पाठपिशवी उचलून निघून गेले, तर तो नुसता एक कार्यक्रम. पण चांगल्या ठिकाणी ते जात नाहीत. भिंतीलगत दोन-तीन सेटअप मोकळे ठेवलेले असतात, म्हणजे एक कन्सोल, एक मॉनिटर आणि दोन खुर्च्या. तिथे ‘फ्रेंडली’ सुरू होतात. गुण नाहीत, निकाल नाही. हरलेला हरलेल्याशी खेळतो. थोड्या वेळाने ज्याने हरवलं तोही येऊन बसतो. नॉयडातल्या एका कॅफेत मी ऐकलेलं वाक्य असं होतं: ‘तू हर बार उठते ही पंच मारता है, मैं उसी का इंतजार कर रहा था.’ सांगणारा स्पर्धेत अजून टिकून होता. पुढच्या फेरीची हाक येईपर्यंत तो आपल्याच प्रतिस्पर्ध्याला आपलं गुपित दाखवत बसला. तालमीत चितपट झालेल्या पोराला वस्ताद घरी पाठवत नाही, पुन्हा मातीत उतरवतो. इथे वस्ताद नाही, म्हणून ज्याने पाडलं तोच ते काम करतो.

या खेळाला हे का लागतं, हे समजायला खेळाच्या आत थोडं शिरावं लागेल. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. त्या एका चित्राला, एका फ्रेमला, खेळाडू वेळेचं माप मानतात. एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. ‘स्ट्रीट फायटर ६’मधला सर्वांत झटपट ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो, ‘टेकन’मधला साधा जॅब दहाव्या. माणसाचा डोळा पाहतो, मेंदू ठरवतो आणि बोट हलतं, याला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. गणित सरळ आहे: जॅब पाहून अडवता येत नाही. तो येणार हे आधी ओळखावं लागतं. त्यामुळे पाहणाऱ्याला बोटांची चपळाई वाटते, ती अर्ध्याहून अधिक समोरच्याच्या सवयींची ओळख असते. पडल्यावर हा लगेच उठतो की रेंगाळतो, घाबरला की उडी मारतो का, दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा काय करतो. सवयींची ही ओळख संगणकाविरुद्ध एकट्याने खेळून मिळत नाही. त्याला माणसं लागतात, आणि वेगवेगळी माणसं लागतात.

मग ऑनलाइन का नाही? खेळतातच. पण अंतराला शरीर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दिल्ली ते टोकियो सरळ रेषेत साधारण ५,८०० किलोमीटर. संदेश जाऊन यायला अगदी आदर्श परिस्थितीतही ५८ मिलिसेकंद, म्हणजे साडेतीन फ्रेम. चार फ्रेमच्या ठोशाच्या खेळात साडेतीन फ्रेम. प्रत्यक्षातल्या केबली वळणं घेत जातात, मध्ये यंत्रं असतात, आकडा वाढत जातो. यावर तोड म्हणून टोनी कॅनन या अमेरिकी खेळाडू-प्रोग्रामरने २००६ च्या सुमारास ‘रोलबॅक’ची पद्धत लोकांसमोर आणली. समोरचा मघाचीच हालचाल चालू ठेवेल असं धरून खेळ पुढे सरकतो, आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन क्षणात नवं चित्र मांडतो. आज चांगले फायटिंग गेम याच्यावरच चालतात. तरी रोलबॅक अंतर लपवतो, मिटवत नाही. दिल्लीतल्या खेळाडूला दिल्लीतलाच प्रतिस्पर्धी लागतो, शक्यतो त्याच बाकावरचा.

आपल्याकडे हा बाक एकेकाळी होता. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत, एसटी स्टँडच्या किंवा थिएटरच्या आसपास, व्हिडिओ गेम पार्लर असायचं. काळोखी खोली, लाकडी खोक्यातला पडदा, आणि त्यावर ‘किंग ऑफ फायटर्स ९७’. नंबर लावायचा म्हणजे आपलं नाणं पडद्याच्या काचेखाली ठेवायचं. हरला तो उठला, जिंकला तो बसला. हा नियम कोणी लिहिला नव्हता, तरी जपानपासून मेक्सिकोपर्यंत तोच होता. त्यातल्या इओरी या पात्राची पॉवर कशी मारायची हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पुढे उभ्या असलेल्या पोराच्या मनगटाकडे पाहून ते शिकायचं. नंतर प्लेस्टेशन आलं, तासावर पैसे घेणारी दुकानं आली, आणि १९९८ चा ‘टेकन ३’ आला. त्यातल्या एडी या पात्राला घेऊन नुसती बटणं बडवणारा जिंकायला लागला की पोरं ‘एडी घ्यायचा नाही’ असा कायदा करायची. दिल्लीत या पिढीला कॅनॉट प्लेसच्या पालिका बाजाराने सीडी आणि कंट्रोलर पुरवले. पार्लरं पुढे बंद पडली, कारण घरात कन्सोल आला आणि मग हातात फोन आला. खेळ टिकला, खोली गेली.

ज्यांनी खोली टिकवली, त्यांचं काय झालं ते शेजारी पाहता येतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये अर्सलान सिद्दिकी हा लाहोरचा तरुण, ‘अर्सलान अॅश’ या नावाने, एव्हो या फायटिंग गेमच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या जपानमधल्या आवृत्तीला पोहोचला. बाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. ‘टेकन ७’चं विजेतेपद तो घेऊन गेला. त्यानंतर त्याने जे सांगितलं त्याने सगळे चकित झाले: आमच्याकडे माझ्यासारखे आणखी आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासची मुख्य एव्होही त्याने जिंकली, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाच्या ‘नी’ला हरवून. वर्षानुवर्षं या खेळातला श्रेष्ठ मानला गेलेला हाच ‘नी’ पुढे पाकिस्तानात जाऊन तिथल्या मुलांबरोबर खेळला. लाहोरमध्ये मोठे प्रायोजक नव्हते. आर्केडच्या खोल्या होत्या, आणि तिथे रोज एकमेकांना हरवणारी मुलं होती.

एव्होचा उगमही असाच. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीवेल इथल्या एका आर्केडमध्ये मित्रांनी ‘बॅटल बाय द बे’ नावाची स्पर्धा भरवली. टोनी आणि टॉम हे कॅनन बंधू त्या मित्रांतलेच, आणि २००२ मध्ये तिचंच नाव एव्हो झालं. २०२३ मध्ये एकट्या ‘स्ट्रीट फायटर ६’साठी तिथे सात हजारांवर खेळाडू उतरले. आणि या सगळ्या इतिहासातला सर्वाधिक पाहिला गेलेला क्षण कोणता? २००४ चा, दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांच्यातला. दाइगोची ताकद शेवटच्या रेघेवर होती, कुठलाही एक फटका पुरेसा होता. जस्टिनने चुन-ली या पात्राचा १५ लाथांचा महाफटका सोडला, आणि दाइगोने त्या सगळ्या एकेक करून परतवल्या, मग उलटून डाव जिंकला. तो सामना हरलेल्यांच्या गटातला अंतिम सामना होता. त्यानंतर मुख्य अंतिम सामना दाइगो हरला. त्या वर्षीच्या विजेत्याचं नाव आज फार थोड्यांना आठवतं.

हांगझोच्या आशियाई खेळांत, सप्टेंबर २०२३ मध्ये, ‘स्ट्रीट फायटर ५’चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने जिंकलं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. अंतिम सामना ४-३ असा सुटला. त्याच्या सरावासाठी देशातले बाकीचे खेळाडू वेळ काढून येत, वेगवेगळी पात्रं घेऊन त्याच्याशी खेळत. पदक एकाचं होतं, पण त्याला घडवणारे समोरच्या खुर्चीत बसून हरत राहिलेले लोक होते. त्याच स्पर्धेत भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. त्यांना पदक मिळालं नाही. दोघांच्या कौशल्यावर बोट ठेवायला मी तयार नाही. समोर बसायला त्यांना आपल्या देशात किती जण मिळत होते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

सरकारदरबारी गेल्या काही वर्षांत बरंच घडलं. डिसेंबर २०२२ मध्ये बहुक्रीडा स्पर्धांमधला ई-स्पोर्ट्स हा विषय केंद्रीय क्रीडा विभागाकडे सोपवण्यात आला. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी, मान्य जागा दिली. नोंदणी शुल्क चालेल, कामगिरीवरचं बक्षीस चालेल, पैज चालणार नाही. ही रेघ आखली गेली ते उत्तम झालं. मुलगा स्पर्धेला जातो म्हणजे जुगाराला जात नाही, हे आईबापांना सांगायला आता कायद्याचा आधार आहे. त्याच वर्षी सोनीने एव्होतला आपला हिस्सा गुरुग्रामच्या नॉडविन गेमिंगला विकला. जगातल्या सर्वांत मोठ्या फायटिंग गेम स्पर्धेच्या मालकीतला वाटा तेव्हा दिल्लीच्या वेशीवर आला. आणि २०२६ च्या ऐची-नागोया आशियाई खेळांच्या यादीत ‘स्ट्रीट फायटर ६’, ‘टेकन ८’ आणि ‘किंग ऑफ फायटर्स १५’ या तिन्ही खेळांची नावं आहेत.

मान्यता मिळाली, पण बसायला जागा कुठे आहे? इथे मला दिल्लीतला कोपर्निकस मार्ग आठवतो. जुनं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर, त्यामुळे दिल्लीला कामानिमित्त येणाऱ्या मराठी माणसाला हा भाग परका नाही. मंडी हाउसच्या चौकापासून काही मिनिटांच्या चालीत काय काय आहे पाहा. दूरदर्शन भवन. १९७१ पासूनचं कमानी सभागृह. हबीब रहमान यांनी आखलेलं, टागोर जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये उभं राहिलेलं रवींद्र भवन, ज्यात साहित्य, संगीत नाटक आणि ललित कला या तिन्ही अकादमी नांदल्या. पलीकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, श्रीराम सेंटर, त्रिवेणी कला संगम. नाटकवाल्यांना पारितोषिकं मिळाली तशी भेटायला जागाही मिळाली. तालमीच्या खोल्या मिळाल्या, आणि बाहेर चहाच्या टपऱ्यांवर रात्री भांडायला कोपरा मिळाला. अभिनय शिकायला समोर माणूस लागतो हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याप्रमाणे इमारती बांधल्या.

ई-स्पोर्ट्सबद्दल आज बोलणं होतं ते पदकांचं, प्रेक्षकसंख्येचं आणि मोठ्या मैदानांचं. ओखल्याच्या एनएसआयसी मैदानावर कॉमिक कॉन भरतो, तिथे गर्दी होते, तिथे पोरं खेळतातही. त्याचा आनंद आहे. पण वर्षातून एकदा भेटून सवयी ओळखता येत नाहीत. हवी आहे आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ. खर्च खरोखर कमी आहे: चार कन्सोल, चार मॉनिटर, आठ खुर्च्या, एक्स्टेन्शन बोर्ड आणि यादी लिहिणारा एक माणूस. मंडी हाउस स्टेशनवर मेट्रोच्या ब्ल्यू आणि व्हायोलेट या दोन लाइन मिळतात. नॉयडा, वैशाली, द्वारका आणि फरीदाबाद इथून इथवर गाडी न बदलता येता येतं. सार्वजनिक इमारतीतली एखादी खोली संध्याकाळी तीन-चार तास उघडी ठेवली, तर दिल्ली आणि आसपासच्या शहरांत विखुरलेले खेळाडू एकमेकांसमोर बसतील.

सार्वजनिक खोलीचा आग्रह मी आणखी एका कारणाने धरतो. जुन्या पार्लरमध्ये मुली जवळजवळ नसत, आणि त्या का नसत हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. या समुदायाने मोठ्या पातळीवरही आपली लाज पाहिली आहे. २०२० मध्ये एव्होच्या प्रमुखावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले, त्याला पदावरून दूर केलं गेलं आणि त्या वर्षीची ऑनलाइन स्पर्धा रद्द झाली. ज्ञान सगळ्यांना मोकळेपणाने देणारी मंडळी, हा या लोकांचा अभिमान मला मनापासून पटतो. तो सगळ्यांसाठी खरा ठरायचा तर खोलीला उजेड हवा, दाराशी जबाबदार माणूस हवा, परतीची शेवटची मेट्रो गाठता येईल अशी वेळ हवी आणि आगाऊपणा करणाऱ्याला बाहेर काढायचा लेखी नियम हवा.

तोवर जे छोटे मेळावे कॅफेंमध्ये भरतात, तिथे पहिल्यांदा जाणाऱ्या मुलामुलींसाठी एवढं. आपला कंट्रोलर आपण न्यायचा. सामना सुरू होण्याआधी बटणं तपासून घ्यायला वेळ मागायचा, तो मागितल्यावर कुणी हसत नाही. सामना संपला की कंट्रोलरची वायरलेस जोडणी आठवणीने तोडायची. नाहीतर खिशात चुकून बटण दाबलं जातं, कन्सोल तो कंट्रोलर ओळखतो आणि दुसऱ्याचा सामना मध्येच थांबतो. असा खोळंबा केला तर अनेक ठिकाणी राउंड गमवावा लागतो. हरल्यावर उठून हात मिळवायचा आणि विचारायचं, ‘माझं काय चुकलं?’ बहुतेक जण सांगतात. मग भिंतीजवळचा सेटअप मोकळा आहे का ते बघायचं.