काळी मेंढी, खरी लोकर
परिसर हीच शाळा : भाग सातवा

बालवाडीपासून दुसरी-तिसरीपर्यंतच्या वर्गांत ‘मेंढी’ हा विषय निघाला की ठरलेला एक उपक्रम घेतला जातो. जाड पांढऱ्या कागदावर मेंढीचा आकार काढून त्यावर कापसाचे बोळे डिंकाने चिकटवले जातात, काळ्या कागदाचे पाय आणि तोंड जोडले जाते, शेजारी हिरवे गवत रंगवले जाते आणि पाठ संपतो. या कामाने बोटांना वळण लागते हे खरे. परंतु मेंढीविषयी त्यातून मुलांना काहीच कळत नाही, उलट कापूस आणि लोकर या दोन वस्तू एकच आहेत असा समज मात्र पक्का होतो. सोलापुरात ही उणीव अधिक खटकते, कारण चादरी आणि टॉवेलांच्या या शहरातील मुलांना सूत घरबसल्या दिसते, शहराची वेस ओलांडली की माळावर कळप दिसतो, आणि त्या कळपातील मेंढी बहुधा पांढरी नसते. मागील भागात ज्वारीच्या धाटांपासून करता येणाऱ्या खेळण्यांचा विचार झाला. त्याच धर्तीवर या भागात मेंढी आणि तिची लोकर यांभोवती रचता येणाऱ्या हस्तव्यवसायाचा आणि अध्ययन-उपक्रमांचा विचार केला आहे.

सोलापूर, सांगली, सातारा आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाळली जाणारी मुख्य जात दख्खनी मेंढीची असून अभ्यासक प्रदेशानुसार तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे उपप्रकार सांगतात. तिचा रंग मुख्यतः काळा किंवा काळ्यावर पांढऱ्या खुणा असलेला असतो, आणि ती विरळ चाऱ्यावर तग धरून लांबवर चालू शकते. सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांना लागून असलेल्या जत तालुक्यातील माडग्याळ हे गाव ज्या मेंढीमुळे प्रसिद्ध झाले, ती याहून अगदी वेगळी आहे: उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे असलेली, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची आणि मुख्यतः मांसासाठी पाळली जाणारी. मुखवटे करण्याचा उपक्रम घ्यावयाचा असेल तर तो या दोन मेंढ्यांचा घ्यावा, कारण नाकाचा बाक, कानांची ठेवण आणि रंगाचे पट्टे नेमके टिपायचे म्हटले की मूल आधी पाहू लागते आणि मग कापू लागते. छापील आकार भरताना पाहण्याची गरजच पडत नाही.

हाताच्या कामातून विषय शिकवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम आखला, त्यात सूतकताई हा एक मूलोद्योग होता आणि गणित, भूगोल, समाजशास्त्र यांचा त्या उद्योगाशी सांधा जोडण्याच्या पद्धतीला ‘समवाय’ असे नाव होते. समवाय म्हणजे एका कामाच्या ओघात अनेक विषयांचे ज्ञान येणे. टकळीवर किती सूत निघाले हे मोजताना गुणाकार येतो आणि कापूस कोठून आला हे विचारताना भूगोल येतो. ही योजना पुढे अनेक शाळांत निष्प्राण झाली, त्याचे एक कारण असे की प्रश्न विचारणे मागे पडले आणि रोजचे ठराविक सूत काढणे तेवढे उरले. याच परंपरेच्या जवळची, पण अधिक मोकळी वाट कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शोधली: गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, या विचारातून त्यांनी ‘कुरणशाळा’ चालवली. मेंढरांमागे फिरणाऱ्या मुलांचा विचार करताना हा प्रयोग आजही नजरेसमोर ठेवण्याजोगा आहे.

प्रत्यक्ष उपक्रमाचा आरंभ कच्च्या, न धुतलेल्या लोकरीपासून करावा. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरली जाते, तिच्यापासून वर्षाला मिळणारी लोकर किलोभरही भरत नाही आणि तिचा तंतू मेरिनो या परदेशी जातीच्या तंतूच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहूनही जाड असतो. म्हणूनच तिचा स्वेटर होत नाही, घोंगडी होते. वर्गात मूठभर लोकर आणि तेवढाच औषधी कापूस शेजारीशेजारी ठेवून दोहोंवर पाण्याचा एकेक थेंब सोडला तर कापसातील थेंब तत्क्षणी शोषला जातो आणि लोकरीवरचा मण्यासारखा तसाच राहतो. लोकरीच्या तंतूवर नैसर्गिक मेणचट थर असतो, त्यामुळे असे घडते, आणि पावसात घोंगडीची खोळ घेतलेला मेंढपाळ बराच वेळ कोरडा कसा राहतो, याचे उत्तर मुलांना तेथेच मिळते. (खोळ म्हणजे घोंगडीचे एक टोक दुसऱ्यात खोचून डोक्यावर घेण्याजोगे केलेले टोपडे, वर्तमानपत्राच्या मोठ्या पानावर ही घडी घालून पाहण्यात कोन, कर्ण आणि त्रिकोण हे सारे हाताशी येते.)

तंतूचा खरा स्वभाव कळण्यासाठी याहूनही सोपा प्रयोग आहे आणि त्यासाठी मुलांच्या स्वतःच्या डोक्यावरचा एक लांब केसही चालतो. तो केस अंगठा आणि तर्जनी यांच्यात उभा धरून दोन्ही बोटे त्याच्या लांबीच्या दिशेने वरखाली चोळली की केस जागचा हलतो, आणि तो नेहमी एकाच दिशेने, म्हणजे मुळाच्या बाजूने, सरकतो; उलटा धरला तर उलट्या बाजूला जातो. केसावर आणि लोकरीवर अतिसूक्ष्म खवले असतात आणि त्यांची तोंडे टोकाकडे असल्यामुळे एका दिशेची हालचाल सुकर, तर दुसऱ्या दिशेची अवघड होते. हे समजले की नमदा कसा होतो ते वेगळे शिकवावे लागत नाही: कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेली लोकर तळहातावर हळूहळू गोल फिरवत राहिल्यास तंतू एकमेकांत सरकत जातात, खवले अडकतात, परत सुटत नाहीत आणि अर्ध्या तासात घट्ट चेंडू तयार होतो. न विणता केवळ दाबून आणि चोळून केलेल्या अशा लोकरी कापडाला नमदा म्हणतात. जाड दख्खनी लोकर या कामात बारीक लोकरीपेक्षा उशिरा जमते, त्यामुळे पहिलीच्या मुलांकडून फार मोठ्या चेंडूची अपेक्षा धरू नये. तोच प्रयत्न कापसावर करून पाहायला सांगावा, म्हणजे ओल्या कापसाचा लगदा होतो पण नमदा होत नाही, हा फरक मुले स्वतः सांगतील.

तिसरी-चौथीपासून पुढच्या मुलांनी सूत काढावे. लोकर मोठ्यांनी रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता बुडवून धुवावी, कारण चोळली तर आधीच सांगितल्याप्रमाणे ती तेथेच जमेल. धुण्यापूर्वीचे आणि वाळल्यानंतरचे वजन फळ्यावर लिहिले की माती, काडीकचरा आणि कुसळे मिळून किती भाग गेला याची शेकडेवारी निघते. त्यानंतर रंगाप्रमाणे निवड करून बोटांनी लोकर पिंजावी, तिचा सैल पेळू, म्हणजे कातण्यासाठीची लांबट वळी, करावा आणि टकळीने पीळ द्यावा. पीळ कमी पडला तर धागा तुटतो, जास्त झाला तर वेटोळे घेतो. तो नेमका कोठे थांबवायचा हे सांगून कळत नाही, आणि या एकाच कारणासाठी हा उपक्रम दोन-तीन तासिका पुरवून पुरवून करावा. घोंगडी विणणारे सणगर कारागीर ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, तीही शाळेच्या स्वयंपाकघरात करता येते. ताणा म्हणजे मागावर आधीच ताणून बसवलेले उभे धागे, आणि बाणा म्हणजे त्यांच्या खालून-वरून घातला जाणारा आडवा धागा. पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर खाचा पाडून ताणा बांधला की वीतभर घोंगडी विणता येते, आणि काळ्या-पांढऱ्या बाण्याचे पट्टे किती ओळींनी बदलायचे हे आधी चौकटीच्या वहीत आखून घेतले की गणिताच्या वहीला प्रथमच काही उपयोग सापडतो. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, लोकर सर्वांत मऊ असल्याने तिची घोंगडी मोलाची मानतात. साध्या लोकरीच्या आणि जावळाच्या धाग्याचा स्पर्श डोळे मिटून ओळखण्याचा खेळ लहान मुलांना विशेष आवडतो.

येथे सावधगिरीची एक बाब स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. मेंढ्यांना होणारा फाशी हा रोग, जो माणसाला झाल्यास काळपुळी म्हणून ओळखला जातो, लोकरीतील जंतुबीजांमार्फत पसरू शकतो. म्हणून आजारी किंवा मेलेल्या जनावराची लोकर कोणत्याही सबबीवर वर्गात आणू नये, निरोगी कळपाचीच लोकर घ्यावी, ती मोठ्यांनी हातमोजे घालून धुवावी आणि मुलांना धुतलेलीच द्यावी. पाण्याच्या थेंबाच्या प्रयोगापुरती लागणारी कच्ची लोकर शिक्षकाने स्वतः हाताळावी.

गणिताच्या आणखी एका उपक्रमाला विशेष साहित्य लागत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात जनावरे आणि फळे ‘विसा’त मोजण्याची रीत होती, सात विसा म्हणजे १४०. उत्तर इंग्लंडमधील मेंढपाळही विसापर्यंतच मोजून खूण करीत आणि पुन्हा एकपासून सुरू करीत. मुलांना चिंचोके देऊन वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, परतणारे कळप विसाने मोजायला लावले की वीसचा पाढा घोकण्याची गरज उरत नाही. मोठ्या मुलांसाठी वाघ-शेळीचा पट उपयोगी आहे, मात्र त्यात वाघाच्या जागी लांडगा आणि शेळीच्या जागी मेंढी घालावी. सोलापूरच्या माळरानांवर लांडगा आजही आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी घोषित झालेल्या नान्नज अभयारण्याच्या परिसरातील गवताळ प्रदेश हे त्याचेही घर आहे. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीचा बोध सांगून थांबण्याऐवजी, मेंढपाळ रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, का लावतो, कुत्री कोठे बसवतो आणि लांडगा माळावरून नाहीसा झाला तर काय होईल, हे प्रश्न या गोष्टीला जोडावेत. दोरीच्या गाठी मारून हातभर वाघर करणे हा स्वतंत्र हस्तव्यवसायच होईल.

सणांचा संबंध जोडताना जिल्ह्याबाहेर पाहण्याची गरज नाही. मंगळवेढा तालुक्यातील हुलजंती येथे दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते, गुरू-शिष्य मानलेल्या देवांच्या पालख्या एकमेकींना भेटतात आणि भंडाऱ्यासोबत लोकर व खोबरे उधळले जाते. आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती पुणे जिल्ह्यातील काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. सुंबरान, म्हणजे देवाचे स्मरण, मांडून गायल्या जाणाऱ्या धनगरी ओव्या ऐकवायच्या असतील तर त्या गाणाऱ्याला वर्गात बोलवावे. ध्वनिमुद्रणावर काम भागवू नये.

या सर्व उपक्रमांत एक धोका आहे, आणि तो शैक्षणिक साहित्यात फारसा नोंदवला जात नाही. वर्गातील धनगर कुटुंबाच्या मुलाला खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी देऊन स्नेहसंमेलनात उभे करणे म्हणजे त्याच्या घरच्या ज्ञानाचा सन्मान नव्हे. ते वेषांतर आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आली, तिच्यातील तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवण्यासाठी येतो आणि शिकवता शिकवता स्वतःच बरेच शिकतो. या कादंबरीचा माणदेशातील भूभाग सांगोल्याला लागूनच आहे, आणि तिच्यातील नाते शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखे आहे: कातरायचे कसे, कोणती लोकर कोणत्या कामाची आणि कोकरू आजारी आहे हे कशावरून ओळखायचे, हे मुलाच्या आजीला किंवा चुलत्याला शिक्षकापेक्षा चांगले ठाऊक असते. त्यांना पाहुणे म्हणून बोलावू नये, त्या दिवसाचे शिक्षक म्हणून बोलवावे. पावसाळ्यानंतर वाड्यासोबत स्थलांतर करणाऱ्या मुलांना शासनाचे शिक्षण हमी कार्ड मिळते. अशा मुलाने वाटेत कोणाच्या शेतात मेंढ्या बसवल्या, तेथे कोणता चारा होता आणि लेंडीखताच्या बदल्यात काय मिळाले, हे वहीत लिहून आणले तर तो त्याचा भूगोलाचा प्रकल्प धरावा.

लोकर मिळवणे अवघड नाही. बाजारात तिला एवढा कमी भाव आहे की पुष्कळदा कातरणीची मजुरीही निघत नाही आणि मेंढपाळ ती बांधावर टाकून देतात. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र सांगोला तालुक्यात महूदला आहे. शाळांनी सहल काढायची तर तेथे विचारणा करावी, आणि जवळच्या वाड्यावर कातरणी केव्हा होणार हे आधीच विचारून ठेवावे. टाकून दिली जाते म्हणून ती लोकर फुकट मागू नये. एका वर्गाला दोन किलो लोकर वर्षभर पुरते. तिचे पैसे शाळेने द्यावेत, आणि शिकवायला आलेल्या कारागिराला त्या दिवसाची मजुरीही द्यावी.