पहिला घोयरा कोणता?

अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये सरपटणारे प्राणी पाळण्याचा छंद बराच रुजलेला आहे. अशा प्राण्यांच्या दुकानात प्रथमच आलेला ग्राहक शॅमेलिऑनकडे बोट दाखवून हमखास विचारतो, ‘मी हा प्राणी कधी पाळलेला नाही. पहिलाच घ्यायचा तर कोणता घेऊ?’ वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देताना मात्र भूगोल, हवामान, शरीरक्रियाशास्त्र आणि थोडा कायदाही सांगावा लागतो. आता आपल्या वर्गातील मुलेही गरगर फिरणारे डोळे, लांबवर सुटणारी जीभ आणि बदलते रंग यांच्या चित्रफिती मोबाइलवर पाहतात आणि हाच प्रश्न शिक्षकांना विचारतात. ‘असले प्राणी पाळायचे नसतात’ एवढ्या उत्तराने मुलांचे समाधान होत नाही. म्हणून या प्रश्नाच्या थोडे खोलात जाऊ या.

आधी नावाचा घोळ दूर करू. कुंपणावर बसून मान वरखाली करणारा, वीणीच्या काळात गळा लालभडक होणारा आपला बागेतील सरडा हा शॅमेलिऑन नव्हे. त्याचे कूळ वेगळे आहे. शॅमेलिऑनला मराठीत घोयरा म्हणतात. त्याचे डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात, पायाची बोटे दोन गटांत जुळलेली असल्याने पाऊल चिमट्यासारखे फांदी पकडते, शेपटी फांदीभोवती गुंडाळता येते आणि चाल अगदी संथ असते. जगात घोयऱ्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आणि उरलेल्या बहुतेक आफ्रिकेत आढळतात. भारतात एकच जात आहे.

‘सोपी’ जात म्हणजे काय?

प्रयोगशाळेत एखादा प्राणी अभ्यासासाठी निवडताना आम्ही तो किती सुंदर आहे हे पाहत नाही. तो बंदिस्त जागेत तग धरतो का, तेथे त्याची पैदास होते का, त्याच्या गरजा आपल्याला नीट ठाऊक आहेत का, हे पाहतो. आनुवंशिकीच्या अभ्यासासाठी फळमाशी निवडली गेली ती अशाच कारणांनी. घोयऱ्यांच्या बाबतीतही ‘सोपी’ जात ठरते ती याच तीन कसोट्यांवर. मूळ प्रदेशात तापमानाचे आणि आर्द्रतेचे मोठे चढउतार सोसणारी जात माणसाच्या हातून होणाऱ्या लहानसहान चुकाही सोसते. सतत गार, दमट जंगलात राहणाऱ्या जातीला तेवढी मोकळीक नसते.

जातीजातींचे जीवनक्रमही फार वेगळे असतात. मादागास्करच्या नैर्ऋत्य भागातील लाबोर्डचा घोयरा आठ-नऊ महिने अंड्यात काढतो आणि अंड्यातून बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिने जगतो. एका हंगामातील सगळी पिढी संपते, तेव्हा पुढची पिढी जमिनीखाली अंड्यांच्याच रूपात असते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने प्राणिशास्त्रज्ञही चकित झाले होते. ‘घोयऱ्याची काळजी कशी घ्यावी’ असा एकच धडा लिहिता येत नाही, तो यामुळे.

तीन उमेदवार

छंदिष्ट मंडळी नवख्याला बहुधा तीन नावे सांगतात.

पहिला येमेनी घोयरा. हा येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातील डोंगरउतार आणि खोऱ्यांत राहतो. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असतो. नर शेपटीसह अर्ध्या मीटरच्या आसपास वाढतो. त्याच्या प्रदेशात दिवसा ऊन कडक, रात्री गारवा आणि पाऊस ठरावीक काळापुरता. त्यामुळे त्याची सहनशक्ती चांगली आहे. कीटकांबरोबर तो पानेही खातो. बंदिवासात त्याची पैदास सहज होते.

दुसरा पँथर घोयरा. हा मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनारपट्टीवरील उष्ण, दमट भागातला. याचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक ठिकाणच्या नराचा रंग वेगळा. नोसी बे बेटावरील नर निळसर हिरवे, तर मुख्य भूमीवर काही ठिकाणी तांबडे-निळे पट्टे असलेले नर आढळतात. माद्या मात्र सगळीकडे फिकट, तपकिरी किंवा नारिंगी छटेच्या. ही जातही बंदिवासात नियमित वाढवली जाते.

तिसरा जॅक्सनचा घोयरा. नराच्या तोंडावर तीन शिंगे असतात, त्यामुळे मुलांना तो फार आवडतो. तो केनिया आणि उत्तर टांझानियातील उंच डोंगराळ भागात राहतो. त्याची मादी अंडी न घालता थेट पिलांना जन्म देते. या जातीला दिवसा सौम्य ऊब आणि रात्री चांगला गारवा लागतो. आता विदर्भातील मे महिना डोळ्यांसमोर आणा. तेथे या प्राण्याला जगवायचे, तर खोली रात्रंदिवस थंड ठेवावी लागेल. दिसायला आकर्षक आणि पाळायला सोपा या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे या एका उदाहरणावरून कळते.

पाळायचे ते हवामान

घोयरा आणणे म्हणजे त्याच्या प्रदेशाचे हवामान घरात आणणे. यात चार गोष्टी येतात.

पहिली गोष्ट पाणी. घोयरा वाटीतील स्थिर पाणी सहसा पीत नाही. त्याला पानांवर लकाकणारे थेंब पाणी म्हणून ओळखता येतात. निसर्गात तो दव आणि पावसाचे थेंब चाटतो. पिंजऱ्यात खरी झाडे ठेवून त्यांवर फवारा मारावा लागतो किंवा थेंब थेंब पाणी सोडावे लागते. भरलेल्या वाटीशेजारी बसून घोयरा तहानेने मरू शकतो, आणि मालकाला शेवटपर्यंत कारण कळत नाही.

दुसरी गोष्ट प्रकाश. कातडीवर सूर्याचे अतिनील-ब किरण पडले, की शरीरात जीवनसत्त्व ड-३ तयार होते. ते असले तरच अन्नातील कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जाते. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणून ‘पिंजरा खिडकीपाशी ठेवला आहे’ हे उत्तर पुरत नाही, खास दिवा लागतो. शिवाय रातकिड्यांसारख्या कीटकांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते. त्यामुळे कीटकांवर कॅल्शियमची पूड भुरभुरून ते द्यावे लागतात. हे टाळले तर हाडे मऊ होतात, पाय वाकतात, जबडा लवचीक होतो आणि शेवटी जीभ फेकून भक्ष्य पकडणेच जमत नाही. लहान मुलांतील मुडदूस शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे, कारण दोन्हींमागचे रसायनशास्त्र एकच आहे.

तिसरी गोष्ट ऊब. घोयरा स्वतःचे तापमान आतून राखू शकत नाही. तो उन्हात जातो, सावलीत येतो आणि तापमान जुळवून घेतो. म्हणून पिंजऱ्यात एक उबदार आणि एक गार टोक हवे. येमेनी घोयऱ्याला तापण्याच्या जागी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान पुरते. रात्री ते उतरलेच पाहिजे.

चौथी गोष्ट जागा आणि एकांत. पूर्ण वाढलेल्या येमेनी किंवा पँथर नरासाठी साधारण ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच असा हवेशीर, झाडांनी भरलेला पिंजरा सुचवला जातो. एका पिंजऱ्यात एकच घोयरा. दुसरा घोयरा दिसला, अगदी आरशातील स्वतःचे प्रतिबिंब दिसले, तरी तो बिथरतो.

रंग काय सांगतो?

घोयरा पाठीमागच्या वस्तूचा रंग घेतो, हा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात त्याचा रंग तापमान, प्रकाश आणि मुख्यतः त्याची मनःस्थिती सांगतो. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी पँथर घोयऱ्याच्या कातडीचा अभ्यास करून यामागील यंत्रणा दाखवून दिली. कातडीतील काही पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असताना स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परावर्तित करतात. वरच्या थरातील पिवळ्या रंगद्रव्याशी मिळून तो हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधील अंतर वाढते, मग पिवळा, नारिंगी, तांबडा असा अधिक तरंगलांबीचा प्रकाश परावर्तित होतो.

ग्राहकासाठी याचा अर्थ सरळ आहे. दुकानात भडक रंग फुलवून बसलेला नर खुशीत असेलच असे नाही. बहुधा त्याला शेजारचा नर दिसतो आहे. हातात घेतल्यावर काळवंडलेला घोयराही ‘माणसाळलेला’ नसतो, तो घाबरलेला असतो. कुरवाळून घेणारा प्राणी ज्याला हवा असेल, त्याने हा प्राणी निवडूच नये.

निवड करताना

बंदिवासात जन्मलेला प्राणी घ्यावा, हा पहिला नियम. जंगलातून पकडलेल्या घोयऱ्यात परजीवी असतात आणि पकडण्याच्या, प्रवासाच्या ताणाने तो आधीच खचलेला असतो. स्वस्तात मिळतो तो बहुधा असाच. निदान तीन महिन्यांचा असावा, कारण त्याहून लहान पिले पाण्याअभावी फार लवकर दगावतात. डोळे टपोरे असावेत; खोल गेलेले किंवा दिवसा मिटलेले डोळे हे आजाराचे किंवा पाणी कमी पडल्याचे लक्षण आहे. पाय सरळ आणि फांदीवरची पकड घट्ट असावी.

नवख्याने नर घ्यावा असे सांगतात, त्यालाही शास्त्रीय कारण आहे. येमेनी घोयऱ्याची मादी नराशिवायही अंडी घालते. ती अफलित असतात, पण एका खेपेस कित्येक डझन असू शकतात. त्यांच्या कवचासाठी कॅल्शियम तिच्याच शरीरातून जाते. उकरण्याजोगी खोल, ओलसर माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि ती मरते.

तेव्हा दुकानातल्या त्या प्रश्नाचे उत्तर असे: बंदिवासात जन्मलेला, तीन महिन्यांवरचा येमेनी किंवा पँथर नर, आणि तोही पिंजरा, दिवा आणि पाण्याची सोय आधी काही दिवस चालवून पाहिल्यावर.

कुंपणापलीकडची धाव

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. पाळीव घोयऱ्यांनी ते खोटे पाडले आहे. १९७२ साली हवाई बेटांपैकी ओआहूवर एका दुकानदाराने केनियातून जॅक्सनचे घोयरे मागवले. प्रवासाने ते अशक्त झाले होते, म्हणून सावरण्यासाठी त्याने ते बागेत सोडले. तेथून ते पसरले आणि पुढे इतर बेटांवरही पोहोचले. आता ते तेथील मूळच्या कीटकांवर आणि गोगलगायींवर ताव मारतात. फ्लोरिडातही येमेनी घोयरे मोकळ्यावर वाढत आहेत.

उलट बाजूने मूळ प्रदेशही रिकामे होतात. म्हणून घोयऱ्यांचा व्यापार ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे. १९९५ पासून मादागास्करमधील घोयऱ्यांच्या बहुसंख्य जातींच्या व्यापारावर त्याखाली बंधने आली.

आपल्याकडे काय?

आपला घोयरा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी घोयऱ्यांबाबत या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार ‘सायटिस’च्या यादीतील प्राणी बाळगणाऱ्याला सरकारकडे नोंदणी करावी लागते. २०२४ च्या नियमांनी तिची पद्धतही ठरवून दिली आहे. ‘विदेशी आहे, मग चालते’ असे आता म्हणता येत नाही.

एखादा विद्यार्थी खोक्यात घोयरा घालून शाळेत आणतो, तेव्हा त्याला रागावू नये. अनेक गावांत घोयरा विषारी समजून मारला जातो. त्याने तो मारला नाही, हे कौतुकास्पदच आहे. घोयरा बिनविषारी आहे हे वर्गाला सांगावे, आणि जेथे सापडला त्याच झाडावर लगेच सोडून यावे. मग मुलांनी दुरून निरीक्षण करावे: सकाळी तो गडद होऊन अंगाची कोणती बाजू उन्हाकडे करतो? एक डोळा पुढे असताना दुसरा कोठे असतो? एक फूट चालायला किती वेळ घेतो?

वर्गात आणखी एक उपक्रम करता येईल. वर सांगितलेल्या तिन्ही जातींचे प्रदेश मुलांना नकाशावर शोधू द्या. तेथील उंची, पाऊस आणि महिन्यागणिक तापमान यांचा तक्ता करायला सांगा. शेजारी आपल्या गावाचे आकडे लिहा. मग विचारा, यातला प्रत्येक फरक भरून काढायला घरात कोणते यंत्र लागेल, ते किती तास चालेल, वीज गेली तर काय होईल आणि सुटीत गावाला गेल्यावर फवारा कोण मारील? तक्ता पुरा झाला की पाळावा की नाही, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.