अवघड मेजर कोणता?

“इंजिनिअरिंग नको गं, फार अवघड असतं!” “त्यापेक्षा इतिहास घे, सोपा आहे.” अकरावी-बारावीत गेलं की असे सल्ले घरी मिळतात, भारतातून फोनवर मिळतात, गणपतीचा प्रसाद घेतानाही मिळतात. पण अवघड म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत कॉलेजची चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. एका क्रेडिटसाठी आठवड्याला एक तास वर्ग आणि वर्गाबाहेर किमान दोन तास अभ्यास धरतात. म्हणजे एका सत्रात १५ क्रेडिट घेतली, की आठवड्याचे ४५ तास झाले. कागदावर हा हिशेब सगळ्यांना सारखाच. मग फरक कुठे पडतो?

पहिला फरक साखळीचा. इंजिनिअरिंगमध्ये कॅल्क्युलस १ झाल्याशिवाय २ घेता येत नाही आणि पुढचे बरेच विषय त्यांच्यावर उभे असतात. काही कोर्स तर वर्षातून एकदाच असतात. मधली एक कडी निसटली, तर पदवी लांबते आणि फीसुद्धा वाढते. इतिहासात बरेच कोर्स पुढेमागे घेता येतात.

दुसरा फरक वेळेचा. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा अनेक ठिकाणी एकाच क्रेडिटची असते, पण तिथे आठवड्याला तीन-तीन तास जातात. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना कधी पहाटे उठून रुग्णालयात हजर व्हावं लागतं. आर्किटेक्चरचे विद्यार्थी स्टुडिओत रात्री जागवतात.

तिसरा फरक कामाच्या प्रकाराचा. गणितात एकाच प्रश्नापाशी तासन्‌तास अडकून बसायची तयारी लागते. इतिहासात भरपूर वाचून, पुरावे देऊन स्वतःचं मत लिहावं लागतं. ज्याला वाचायचाच कंटाळा, त्याला ‘सोपा’ इतिहाससुद्धा जड जातो.

मग निवडायचं कसं? दुरून डोंगर साजरे, म्हणून पहिल्या वर्षी त्या विषयाचा एक कोर्स घेऊन बघा. विभागाच्या वेबसाइटवर चार वर्षांचा आराखडा असतो. त्यात कोणता कोर्स कशावर अवलंबून आहे, ते तपासा. बऱ्याच कॉलेजांत मेजर दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवता येतो. पण काही विद्यापीठांत इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्ससाठी अर्ज करतानाच ठरवावं लागतं, नंतर तिकडे वळणं कठीण जातं. हे अर्ज भरण्याआधीच विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट आईबाबांनाही सांगा. डॉक्टर व्हायचं असेल तर जीवशास्त्रातच मेजर करायला हवा, असं नाही. मेडिकल स्कूलला लागणारे विज्ञानाचे कोर्स पूर्ण केले, तर मेजर संगीताचाही चालतो.

अभ्यास कुठलाही असो, थकवा येणारच. थकल्यावरही दुसऱ्या दिवशी जो विषय पुन्हा उघडावासा वाटतो, त्याचा आधी विचार करा.

घरी बोला: आईबाबांना त्यांच्या शिक्षणात काय अवघड गेलं? तो विषय त्यांनी स्वतः निवडला होता का?