मास्तर उलटं शिकवतो तेव्हा

“समजलं का?” असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात “हो, टीचर” म्हणतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला याचा आनंद व्हायचा. आता काळजी वाटते. न समजता ‘हो’ म्हणण्याची ही सवय एका जुन्या विनोदी चित्रपटानं फार गमतीनं दाखवली आहे.

‘द गूज स्टेप्स आउट’ हा तो चित्रपट. १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, ब्रिटनच्या ईलिंग स्टुडिओनं काढलेला. चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ आपल्याकडे अनेकांना माहीत असतो. हा मात्र मागे राहिला.

यातला नायक विल हे. चेहऱ्यावर रुबाब आणि डोक्यात गोंधळ असलेला मास्तर ही त्याची ठरलेली भूमिका. इथंही तो मास्तरच आहे. पकडलेल्या एका जर्मन हेरासारखा तो हुबेहूब दिसतो, म्हणून त्याला जर्मनीत पाठवलं जातं. तिथं त्याच्यासमोर येतो तरुण हेरांचा वर्ग. इंग्रजांमध्ये कसं मिसळायचं, हे त्यानं शिकवायचं!

तो शिकवतो, पण उलटंच. हाताची पाठ समोरच्याकडे करून दोन बोटं दाखवणं हा इंग्लंडमध्ये उघड अपमान. मास्तर सांगतो, हा आदराचा सलाम आहे. झालं! विद्यार्थी उभे राहतात आणि हिटलरच्या तसबिरीला मनोभावे तोच सलाम ठोकतात.

बॉम्बहल्ले सोसलेल्या लोकांना हे पाहून किती हलकं वाटलं असेल! दुबळ्याची टिंगल सोपी असते. इथं हसू आहे ते जुलमी सत्तेवर आणि आंधळ्या आज्ञापालनावर.

गंमत म्हणजे, पडद्यावरचा हा अर्धवट मास्तर प्रत्यक्षात हौशी खगोल-अभ्यासक होता. १९३३ च्या ऑगस्टमध्ये शनी ग्रहावर उमटलेला पांढरा डाग त्यानं आपल्या दुर्बिणीतून शोधून काढला होता.

हा चित्रपट मुलांसोबत बसून जरूर पाहा. तो ‘सलाम’ घरी करायचा नाही, एवढं मात्र बजावून ठेवा!

मी वर्गातला माझा प्रश्न बदलला आहे. आता विचारते, “काय समजलं नाही?” सुरुवातीला सगळे गप्प बसायचे. हल्ली मागच्या बाकावरून एखादा हात हळूच वर येतो.