दक्षिणेची गॅलरी आणि मे महिन्याचं ऊन

रंगीत पानांची बाग : लेखांक ६

गेल्या आठवड्यात माती आणि कुंड्यांचं बोललो. आता त्या कुंड्या ठेवायच्या कुठे? नर्सरीत विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं : ‘इनडोअर आहे, घरात ठेवा.’ या एका शब्दापायी किती कुंड्या गेल्या असतील! कुठलंच झाड इनडोअर म्हणून जन्माला येत नाही.

क्रोटनचंच बघा. इंडोनेशिया-मलेशियापासून पॅसिफिक बेटांपर्यंतचं हे एरंडाच्या कुळातलं झुडूप. त्याच्या पानातला लाल रंग अँथोसायनिनचा, पिवळा-केशरी कॅरोटिनॉइडचा. उजेड कमी पडला की झाड आहे त्या उजेडात पोट भरण्यासाठी हरितद्रव्य वाढवतं आणि लाल रंगावरचा खर्च आखडता घेतं. मग नवी पानं हिरवी येतात. लोकांना वाटतं खत कमी पडलं, आणि ते आणखी नत्र घालतात. पान आणखी हिरवं!

पण ‘क्रोटनला ऊन द्या’ एवढ्याने भागत नाही, कारण गॅलरीतलं ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो, की क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या गॅलरीत ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं आणि क्रोटन पेटल्यासारखं दिसतं. मेच्या मध्यावर तोच सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. वरच्या मजल्याच्या स्लॅबने ऊन अडतं, पुढे पावसाळी ढग येतात, आणि जुलैत क्रोटन हिरवं पडतं. कुंडी कठड्याशी सरकवायची, एवढंच करायचं असतं. मात्र रोज इकडून तिकडे नाचवू नका. क्रोटन रागीट आहे, जागा बदलली की पानं टाकतं.

उत्तरेच्या गॅलरीत याच्या उलट. ती बारा महिने सावलीची, असं मीही धरून चाललो होतो आणि कठड्याशी लाल अ‍ॅग्लोनेमा ठेवला होता. मेमध्ये दुपारी चारनंतर सूर्य पश्चिमेपासून थोडा उत्तरेला सरकतो. ते तिरपं ऊन आठवडाभर पानांवर पडलं आणि पानांवर पापडासारखे डाग उठले. अ‍ॅग्लोनेमा, कॅलेथिया ही जंगलाच्या तळाशी, मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारी मंडळी. त्यांना भरपूर उजेड हवा, पण ऊन गाळून आलेलं. पांढऱ्या कॅलेडियमचं पान तर इतकं पातळ, आणि पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नाहीच, की वैशाखातलं ऊन त्याला तासाभरातही भारी पडतं.

उजेड किती, हे डोळ्यांना विचारू नका. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स असतात, खोलीत खिडकीपासून सहा-सात फुटांवर काहीशेच. बुबुळ सावरून घेतं, त्यामुळे आपल्याला दोन्हीकडे ‘चांगला उजेड’ वाटतो. त्यापेक्षा दुपारी पानाच्या जागी, वीतभर उंचीवर हात धरा. सावलीला बोटं स्पष्ट दिसली तर ती जागा क्रोटनची. कडा विरघळलेली सावली पडली तर अ‍ॅग्लोनेमाची. सावलीच पडली नाही, तर तिथे फ्लॉवरपॉट ठेवा.

नर्सरीतलं झाड हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. क्रोटन असलं तरी घरी आणताच उन्हात नेऊ नका. आधी आठवडाभर फक्त सकाळचं कोवळं ऊन, मग थोडं थोडं वाढवत न्या.

आणि दिवाळीनंतर कॅलेडियमने माना टाकल्या, तर त्यात उन्हाचा काही दोष नाही. कंद झोपायला निघालाय. पाणी बंद करा, कुंडी कोपऱ्यात सरकवा. वळवाचा पाऊस पडू लागला की कोंब वर येतील.