एक पान, एकच पत्ता: गुगलचा गोंधळ कसा सोडवायचा?

लोकलमध्ये नेटवर्क गेलं की ऑडिओ अडकतो, म्हणून आजच्या एपिसोडचा हा लेखी भाग.

सुरुवात माझ्या शहरापासून. मराठीत कुणी भाईंदर लिहितं, कुणी भायंदर. इंग्रजी स्पेलिंगही दोन चालतात. आपल्याला फरक पडत नाही, गाव एकच. पण वेबसाइटच्या पत्त्यात एक अक्षर बदललं तरी कंप्युटरसाठी तो वेगळा पत्ता असतो.

समजा, भाईंदर पश्चिमेला एका ताईंचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. त्यांची साइट एचटीटीपीने उघडते, एचटीटीपीएसनेही. पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावा किंवा नका लावू, तरी उघडते. झाले चार पत्ते! फेसबुकवरून कुणी आलं की लिंकला शेपूट लागतं, तो पाचवा. मजकूर मात्र तोच, चकलीचा.

गुगल अशा पानांचा गट करतं आणि त्यातला एक पत्ता मुख्य मानतं. साध्या डुप्लिकेटसाठी शिक्षा होत नाही, हे गुगलने २००८ मध्येच स्पष्ट केलंय. त्रास वेगळा आहे: निवड आपण केली नाही तर गुगल करतं, आणि ती आपल्याला हवी तीच असेल असं नाही.

मग करायचं काय? आधी एक पत्ता पक्का करा. बाकीचे ३०१ रिडायरेक्टने तिकडे वळवा. ३०१ म्हणजे जुन्या शटरवरची पाटी: ‘दुकान कायमचं हललं आहे, नवीन पत्ता हा.’ ३०२ म्हणजे ‘काम चालू आहे, तोवर शेजारी या.’ कायमचं हलला असाल तर ३०२ लावू नका.

इथे तीन गोष्टी सांभाळा. एक, पाटीवरून पाटीकडे फिरवू नका. गुगलचा बॉट साधारण १० उड्यांपर्यंत येतो, मग सोडून देतो. आणि ‘अ’ने ‘ब’कडे, ‘ब’ने परत ‘अ’कडे पाठवलं तर पान कुणालाच उघडत नाही. दोन, जुनी सगळी पानं होमपेजवर ढकलू नका. चकलीचं पान चकलीच्याच पानावर जायला हवं, नाहीतर गुगल ते पान ‘सापडलं नाही’ असंच धरू शकतं. तीन, रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, जमलं तर कायम. गेल्या दिवाळीच्या डब्यावरचा क्यूआर कोड अजून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आहे. तो स्कॅन केल्यावर ताईंचं दुकान उघडलं नाही, तर ऑर्डर दुसरीकडे जाणार.

जिथे रिडायरेक्ट शक्य नाही, म्हणजे शेपटाच्या लिंकसारख्या ठिकाणी, कॅनॉनिकल टॅग वापरा. गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने तो २००९ मध्ये आणला. तो पानाच्या कोडमध्ये सांगतो, ‘मूळ पत्ता हा.’ पण ही सूचना आहे, हुकूम नाही. साइटमॅप आणि मेन्यूतल्या लिंक वेगळंच सांगत असतील तर गुगल ऐकेलच असं नाही. आणि डुप्लिकेट पान रोबोट्स फाइलमध्ये बंद करू नका. बॉट आतच आला नाही तर टॅग वाचणार कसा?

आता खास मराठी भानगड. ‘पुऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साध्या र नंतर हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण दोघांनी दोन फोनवरून टॅग टाकले तर ‘पुऱ्या’ची दोन पानं तयार होऊ शकतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही हे दोन रूप एक करत नाही. म्हणून कोडमध्येच नियम ठेवा: एकच रूप साठवायचं, दुसरं ३०१ने वळवायचं.

शेवटी तपासणी. सर्च कन्सोल फुकट आहे. त्यात यूआरएल टाकून बघा: तुम्ही सांगितलेला मुख्य पत्ता आणि गुगलने निवडलेला पत्ता, दोन्ही दिसतात. जुळले तर काम झालं. आणि ‘रिडायरेक्ट असलेलं पान’ असा शेरा जुन्या पत्त्यापुढे दिसला तर घाबरू नका, तसंच व्हायला हवं. तोच शेरा मुख्य पत्त्यापुढे दिसला तर मात्र लगेच लॅपटॉप उघडा.

शंका असतील तर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!