वाटाण्याचा कोंब आणि विम्याची पॉलिसी

१९१२ साली मुंबईतल्या एका घरात कुंडीत वाटाणा पेरला होता आणि त्याच्यासमोर लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा रोवून ठेवला होता. रोज थोडी थोडी फिल्म फिरवायची, रोपाची त्या दिवशीची वाढ टिपायची आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची. असं महिनाभराहून जास्त काळ चाललं. मग ती सगळी चित्रं सलग पडद्यावर दाखवली, तेव्हा दाण्याला कोंब फुटून रोप बघता बघता वर आलं. सारा खेळ मिनिटभराचा. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग धुंडिराज गोविंद फाळके यांचा.

दादासाहेब फाळके म्हटलं की लोकांना त्यांचं वेड आठवतं. नोकरी सोडली, विमा गहाण टाकला, बायकोचे दागिने मोडले आणि सिनेमा काढला! नवा व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणांनाही ही गोष्ट अशीच ऐकवली जाते, जणू डोळे मिटून उडी मारली की पुढचं आपोआप जमतं. फाळक्यांचं धाडस मोठं होतंच. पण त्या धाडसामागचा हिशेब या गोष्टीतून गळून जातो, आणि शिकण्यासारखं नेमकं तेच आहे.

१९११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. भागीदारांशी बिनसून जम बसलेला छापखाना सुटला होता. हाताला स्थिर काम नव्हतं, पण हातात कसब भरपूर होतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात घेतलेलं शिक्षण, गोध्ऱ्यातला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, लोणावळ्यात ब्लॉक तयार करण्याचं काम, १९०९ साली जर्मनीला जाऊन पाहिलेलं रंगीत छपाईचं तंत्र आणि वर जादूच्या प्रयोगांचा नाद. चित्र, छायाचित्र, रसायनं, यंत्र, नजरबंदी. सिनेमाला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या धंद्यांत आधीच हाताळल्या होत्या. पडद्यावरचा ख्रिस्त शेकडो लोकांनी पाहिला, पण त्यात आपल्या कामाची संधी दिसायला ही वीस वर्षांची उमेदवारी पाठीशी असावी लागते.

पुढची पावलंही एकदम पडली नाहीत. आधी हाती लागेल ती रिळं आणि यंत्रं घेऊन घरीच अभ्यास झाला. तो इतका झाला की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठलं. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी, या धंद्यात इंग्लंडमध्येही अनेकजण बुडतात, असं त्यांना बजावलं. फाळक्यांनी ऐकून घेतलं, आणि त्याच कॅबर्न यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत जाऊन काम कसं चालतं ते पाहिलं. दोनेक आठवड्यांत कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र ठरवून ते परत फिरले.

वाटाण्याचं महत्त्व इथे कळतं. कोंब टिपणं फसलं असतं, तर थोडी फिल्म आणि महिनाभराचा वेळ वाया गेला असता. घर उघड्यावर पडलं नसतं. आणि साधलं तेव्हा कर्ज मागताना दाखवायला हातात पुरावा होता. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या स्नेह्यांना त्यांनी तो दाखवला आणि पैसे उभे राहिले. मोठी जोखीम घेण्याआधी, परवडेल एवढ्या किमतीत ती तपासून पाहणं यालाच म्हणतात.

या हिशेबात पत्नी सरस्वतीबाईंचं नाव मात्र बहुतेकदा तळटीपेत जातं, आणि हा त्यांच्यावर उघड अन्याय आहे. दागिने त्यांचे होते. कच्च्या फिल्मला तेव्हा कडेची भोकं नसायची; रात्री अंधारात बसून ती पाडायचं काम त्या करत. दिवसा सगळ्या ताफ्याचा स्वयंपाक करायचा आणि चित्रीकरणात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभं राहायचं. घरातला एकजण जोखीम घेतो तेव्हा ती घरातल्या सगळ्यांच्या अंगावर येते. पत्नी इतकी बरोबरीने उभी नसती, तर फाळक्यांचा बेत दादरच्या घराबाहेर पडलाच नसता.

फाळक्यांचा पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला. हरिश्चंद्राची राणी तारामती हिच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. मुंबईत चित्रपट चालला, पण सुरतेत पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमले. तिथला प्रेक्षक स्वस्त तिकिटात तासन् तास नाटक पाहणारा. फाळक्यांनी तिकीट उतरवलं नाही, जाहिरात बदलली: ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे. लोक आले.

पुढचे सगळे हिशेब मात्र असे जुळले नाहीत. १९१७ च्या ‘लंकादहन’ने भरघोस पैसा दिला. १९१८ साली भांडवलदार भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, तशी पैशाची चणचण संपली आणि कुरबुरी सुरू झाल्या. फाळके सगळं सोडून काशीला गेले, काही काळाने परत आले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला, तेव्हा त्यांचा ‘सेतुबंधन’ मूक होता; त्याला नंतर आवाज चढवावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव मूळ बोलपट. ध्वनियंत्रं, गाणी, स्टुडिओ आणि पगारी माणसं यांचा खर्च तोवर एका कुटुंबाच्या आवाक्यात राहिला नव्हता, आणि तो चित्रपट कोल्हापूर सिनेटोनच्या भांडवलावर तयार झाला.